लेमन सेटमधलं दही

"मॅडम, आमच्या अख्ख्या बॅचला क्लोराईडच आलंय," असं सांगत दरवर्षी एखादं पोर माझ्या टेबलापाशी येतं आणि मी चष्मा काढून ठेवते. चष्मा काढणं हा माझ्या नाटकातला पहिला प्रवेश. मग मी पंख्याकडे बघते, एक लांब सुस्कारा सोडते आणि विचारते, "परीक्षानळ्या कशाने धुतल्यात, बाळांनो?" उत्तर ठरलेलं. नळाच्या पाण्याने. त्यावर "आधी नळी डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, नाहीतर मीठ नळीतलं असतं आणि आळ तपासायला दिलेल्या पुडीतल्या क्षारावर येतो" हे वाक्य मी रोह्याच्या या कॉलेजात इतकी वर्षं बोलत आले आहे की आता माझ्याऐवजी भिंतीने म्हटलं तरी चालेल. पोरं मान डोलावतात आणि पुन्हा नळाखालीच नळ्या धरतात. पूर्वी मी चिडत असे. आता थकवा येतो, आणि थकव्याच्या मागून थोडं हसूही. कारण हे वाक्य मी पुस्तकात वाचून शिकले नाही. ते आमच्या ओटीवर, पंधरावीस बायांच्या देखत, चांगलं तोंडावर आपटून शिकले.

आमचं गाव पेणच्या खारेपाटातलं. कासू स्टेशनला गाडीतून उतरायचं आणि बांधाबांधाने चालत खाडीकडे जायचं. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खारफुटी, आणि मध्ये आमचं कौलारू घर. घरात वडील, आई, माझा थोरला भाऊ आणि मी. वडील मराठी शाळेत मास्तर होते, त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट साधी सांगितली जात नसे, समजावून सांगितली जाई. दादा रोह्याच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. मी पेणला अकरावी-बारावी शास्त्राला होते आणि घरातल्या एकुलत्या एक रंगमंचावर, म्हणजे मोरीत, भांडी घासताना मी विद्राव्यतेचे नियम आरतीच्या चालीत म्हणत असे. नायट्रेट सारे विरघळती, सोडियम पोटॅशियम विरघळती, क्लोराईड विरघळे परि चांदी-शिशापाशी अडे. आई चुलीपाशी बसून विचारायची, "ही कुठल्या देवाची गो आरती? परसाद काय असतो?"

प्रसाद असायचा, पण तो कॉलेजात. पहिल्यांदा सरांनी तो दाखवला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. एका नळीत मिठाचं पाणी, काचेसारखं स्वच्छ. दुसऱ्या बाटलीत सिल्व्हर नायट्रेट, तेही तितकंच स्वच्छ. दोघांची गाठ पडली आणि डोळ्यांदेखत नळीत दही लागलं. पांढरं, घट्ट, हळूहळू खाली बसणारं. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात, आमच्याकडे तळाला बसतो त्या सगळ्याला साका म्हणतात. मला त्यातली गंमत अशी वाटली की दोघांपैकी कोणाचाच दोष नाही. आपापल्या भांड्यात दोघंही निर्मळ. एकत्र आले की मात्र त्यांतली दोन माणसं, एकीकडची चांदी आणि दुसरीकडचं क्लोराईड, एकमेकांना असं घट्ट धरतात की पाण्याला ती सोडवता येत नाहीत.

हे सगळं चालू असताना आमच्या घरात दोन गोष्टी एकदम आल्या. बोअर आणि वहिनी.

आधी बोअर आली. त्याआधी आई पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरून आणायची, डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, आणि बांधावरचा चिखल पायाला. तिची पाठ कायमची वाकडी झाली ती त्या पाण्यापायी. वडिलांनी पीएफमधून उचल घेऊन परसात बोअर मारली. पाणाड्या हातावर नारळ धरून परसभर फिरला, चिक्कूच्या झाडापाशी नारळ उभा राहिला, मशीन आलं, दिवसभर घरघरलं आणि संध्याकाळी चिखलाचा फवारा उडाला. वडिलांनी गावभर पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "गोड पाणी लागलं." हापसा बसला. त्याच्या दांड्याला आईने हळदकुंकू लावलं आणि पहिला हंडा भरताना ती रडली. पाणी खरं तर मचूळ होतं. पण ज्या पाण्याचे पेढे वाटून झाले ते मचूळ आहे असं म्हणायचं कोणी? वडील म्हणाले, "यात खनिजं आहेत. प्रकृतीला उत्तम." आम्ही सगळे उत्तम प्रकृतीने ते पिऊ लागलो.

मग लगेच दादाचं लग्न झालं आणि सुलभावहिनी आली. रोह्याची, कुंडलिकेच्या पाण्यावर वाढलेली. बोलायची कमी, हसायची पटकन आणि काम करताना बांगड्या कोपरापर्यंत मागे सारायची, त्याचा एक आवाज व्हायचा, तो ऐकला की मला घरात कोणीतरी आलं आहे असं वाटायचं. आमच्याकडे पद्धत होती की नव्या सुनेने आधी वरण करायचं. गोडधोड नंतर. घरचे आणि शेजारचे पानावर बसायचे आणि सुनेच्या हातचं वरणभात-तूप पहिलं वाढलं जायचं. वरण एकजीव झालं की सून घरात मिसळली, असं बाया म्हणायच्या.

वहिनीची डाळ शिजली नाही. कुकरच्या शिट्या होत राहिल्या, ताटं वाट बघत राहिली, आणि शेवटी पानात जे आलं त्यात पिवळं पाणी वर आणि डाळ खाली होती. शेजारच्या बायजाकाकूने एक डाळ दाताखाली धरून कट्ट आवाज केला आणि म्हणाली, "व्हय गो, रोह्याला डाळ भाजून खातात काय?" सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. आई हसली नाही.

तिथून ते लागलं. डाळ रोज तशीच. कपडे धुवायला वहिनी बसली की साबणाला फेस येईना, बादलीत नुसता दह्यासारखा चोथा तरंगे आणि वडिलांची पांढरी धोतरं करडी पडली. भांड्यांवर पांढरे ओघळ दिसू लागले. आईचे केस चिकट होऊ लागले. सगळं बोअरच्या पाण्याने, आणि सगळं वहिनी आल्यापासून. दोन्ही आल्या एकाच सुमारास, पण एकीचे पेढे वाटले होते आणि दुसरी परक्या घरची होती, तेव्हा आळ कोणावर जाणार ते उघड होतं. "हात थंड हाय पोरीचा," आई म्हणायची, "हाताला रुची नाय." मग पुढे पुढे म्हणू लागली, "मन नाय तिचं या घरात. मन नसलं की अन्न शिजत नाय."

आता या वयात मला आईचं कळतं. तिला आयुष्यात मागून मिळालेली एकच वस्तू होती ती बोअर. बोअर वाईट ठरली तर पुन्हा डोक्यावर हंडा. त्यापेक्षा सून वाईट ठरलेली परवडत होती. तेव्हा मात्र मला फक्त वहिनीचे हात दिसायचे. ती रात्रीची डाळ दुपारपासून भिजत घालायची, त्यात तेल सोडायची, हळद घालायची, देवाला हात जोडायची आणि पुन्हा कट्ट. दादा पानावर बसला की कुठलीही डाळ न चावता गिळायचा. आईपुढे त्याचं तोंड उघडत नसे. एकदा मी त्याला विचारलं, "तू काही बोलत का नाहीस?" तर म्हणाला, "मी खातोय ना." त्याच्या हिशोबी ते फार मोठं भाषण होतं.

शेवटी आई एक दिवस दादाला म्हणाली, "तिला चार दिवस माहेरी सोडून ये." आणि वहिनीला म्हणाली, "साड्या सगळ्याच ने गो. कपाटात वास लागतो." चार दिवसांना सगळ्या साड्या कशाला, हे विचारायची गरज कोणालाच पडली नाही. रविवारी जायचं ठरलं. वहिनीने मान हलवली आणि बांगड्या मागे न सारता भांडी घासायला घेतली.

माझ्याकडे आठवडा होता आणि माझ्याकडे विज्ञान होतं. मी सरांना सगळं सांगितलं. सरांनी काळ्या कागदात गुंडाळून सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली दिली. म्हणाले, "तुमच्याकडचं खारं पाणी बहुधा जडही असतं, आणि जड पाण्यात डाळ शिजत नाही. दोन पाण्यांची तुलना कर. बोटांना लागू देऊ नकोस, काळी पडतील. आणि भांडी आधी..." पुढचं मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात पडदा वर गेला होता.

रोह्याचं पाणी आणायचं काम दादाला दिलं. शिफ्ट संपवून सासुरवाडीच्या नळावर कॅन भरून तो गाडीत बसला, तर समोरच्याने विचारलं, "काय रे, हातभट्टी?" "पाणी हाय." "पाण्याला येवढं मांडीवर घेऊन बसतात?" जिते गावचा एकजण मध्येच म्हणाला, "नवीन लग्न झालंय त्याचं. सासरचं तीर्थ असंल." दादाने घरी येऊन कॅन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "जे करायचं ते नीट कर." त्याच्या त्या आवाजाने मला पहिल्यांदा जरा भीती वाटली.

रविवारी सकाळी मी ओटीवर प्रयोग मांडला. आईने नको म्हटलं नाही, कारण बाया आधीच जमल्या होत्या. पाट, पाटावर धुतलेलं धोतर, आणि धोतरावर तीन काचेचे ग्लास. हे ग्लास दादाच्या लग्नात आहेर आलेल्या लेमन सेटमधले, निळ्या फुलांचे, तोवर कधी न वापरलेले. एकात विहिरीचं पाणी, एकात रोह्याचं, एकात बोअरचं. वहिनी आतल्या दारात उभी. तिची ट्रंक तिच्या पायाशी. वडील खुर्चीत, हाताची घडी घालून. मी सुरुवातीला छोटंसं भाषण केलं. त्यात मी "तमाम माताभगिनींनो" असं म्हटल्याचं बायजाकाकू पुढे मरेपर्यंत सांगत असे. मी म्हटलं, "हे औषध खाऱ्या पाण्यात पडलं की दही लागतं. गोड पाण्यात काही होत नाही. डाळ न शिजवणारा चोर आता तुमच्यासमोर पांढरा पडेल."

बोअरच्या ग्लासात थेंब टाकले. ओटी एका आवाजात म्हणाली, "अगो बाई!" काय दही लागलं म्हणून सांगू. निळ्या फुलांच्या मागे पांढरे ढग उतरत होते. वडिलांनी हाताची घडी सोडली. मी नाटकी थांबले, मान वळवून आईकडे बघितलं, मग रोह्याच्या ग्लासात थेंब टाकले.

तोही पांढरा झाला.

दाट नव्हे. ताकाच्या निवळीसारखा, विरळ. पण पांढरा. मी घाईने विहिरीच्या ग्लासात थेंब टाकले. तोही. मी ओरडून सांगू लागले की बघा, हा दाट आहे, हे फिकट आहेत, फरक बघा, पण बायांना फरक कशाला बघायचा होता? पांढरं म्हणजे पांढरं. फिकट आणि दाट यातला फरक लोकांना दाखवता दाखवता माझी नोकरीची पुढची सगळी वर्षं गेली, आणि अजून फार जमलेलं नाही.

आई उठली. शांतपणे म्हणाली, "रोह्याच्या पाण्यातपण तेच, विहिरीच्या पाण्यातपण तेच. मग पाण्याचं काय गो उरलं?" आणि आत गेली. बाया पदर तोंडाला लावून निघाल्या. बायजाकाकू जाता जाता म्हणाली, "जाऊ दे गो पोरी. दही तरी बरं लागलं."

मी आत वळले तेव्हा वहिनी ट्रंक उचलत होती. तिने हळूच विचारलं, "ग्लास नीट धुतले होते ना गो? मी सकाळी परत एकदा हापशावर खळबळून ठेवले. चारचौघांत चकचकीत दिसावे म्हणून." तिन्ही ग्लासांच्या तळाशी हापशाचं पाणी चिकटून राहिलं होतं. सर जे सांगत होते आणि मी ऐकलं नव्हतं, ते हेच. मी तिला सांगितलं नाही. तिने आपल्या हातानेच आपला साक्षीदार फोडला होता, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार? "धुतले होते," मी म्हटलं. दादा तिला घेऊन दुपारच्या गाडीने रोह्याला गेला आणि एकटा परत आला. माझी बोटं दुसऱ्या दिवशी काळी पडली आणि कॉलेजात सगळ्यांना दिसत राहिली.

पण आता स्वयंपाकघरात आई एकटी होती. पहिल्या दिवशी तिने डाळ लावली, शिट्या मोजल्या, झाकण उघडलं आणि झाकण परत लावलं. "डाळ जुनी हाय," ती म्हणाली. नवी डाळ आणली. मग कुकरची रबरी रिंग बदलली. मग पातेल्यात, चुलीवर, लाकडं घालून, जुन्या रितीने. जेवताना चौघांच्या तोंडातून कट्ट कट्ट आवाज यायचा. वडील एकदा "यात खनिजं..." म्हणाले आणि आईने त्यांच्याकडे असं बघितलं की पुढची खनिजं त्यांनी गिळून टाकली. मी सगळं बघत होते आणि, माझ्या स्वभावाला न शोभेल असं, गप्प होते. बोलून बघितलंच होतं एकदा.

एका सकाळी मी उठले तर आई घरात नव्हती. खुंटीवरची चुंबळ नव्हती. बऱ्याच वेळाने ती बांधावरून येताना दिसली, डोक्यावर हंडा, एक हात कमरेवर. तिने हंडा उतरवला, तोच कुकर घेतला, तीच डाळ, आणि विहिरीचं पाणी घातलं. मग कुकरसमोर पाट घेऊन बसली. वाफ जिरल्यावर झाकण उघडलं. डाळ बोटाने दाबून बघायचीही गरज नव्हती. आई कितीतरी वेळ त्या कुकरमध्ये बघत राहिली. मला वाटलं आता रडेल. तिने डाळ घोटली, फोडणी दिली, आम्हाला वाढली आणि स्वतः जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, दादाने आणलेला तो रिकामा कॅन हातात घेतला आणि मला म्हणाली, "चल." मी चप्पल पायात घातली. कासूहून रोह्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि कॅन मांडीवर धरून होती. आमच्याकडे मुलाची आई बोलावल्याशिवाय व्याह्यांच्या दारात जात नाही. वाटेत मी तिला याची आठवण करून देणार होते, पण तिचा चेहरा बघून तो विचार सोडला.

दार वहिनीनेच उघडलं. हाताला पीठ. आम्हाला बघून तिने पीठ लागलेल्याच हाताने पदर सावरला. तिच्या मागून तिची आई आली आणि तीही थांबली. आईने कॅन पुढे केला. "पाणी न्यायला आलेय," ती म्हणाली.

वहिनीने आईकडे बघितलं, कॅनकडे बघितलं. मग कॅन घेऊन मोरीत गेली आणि नळ सोडला. घर इतकं शांत होतं की कॅन भरत येतो तसा पाण्याचा आवाज बारीक होत गेला तो आम्ही तिघी उभ्याने ऐकत होतो. वहिनीच्या आईने "आत या, विहीणबाई" म्हटलं तेव्हा आईने चप्पल काढली. चहा झाला. आई घोट घेऊन म्हणाली, "चहा चांगला झालाय." वहिनी म्हणाली, "पाणी चांगलं हाय." बस, एवढंच. माफी वगैरे आमच्या घरात कोणी मागत नसे.

निघताना आईने कॅन उचलायला हात घातला. वहिनी म्हणाली, "जड हाय तो. तुमची पाठ..." आई म्हणाली, "मग तू घे."

वहिनीने कॅन उचलला आणि आमच्याबरोबर निघाली. तशीच, घरातल्या साडीवर. ट्रंक नंतर दादाने आणली. इतक्या जड ट्रंकेचा त्याला इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता.

गोष्ट इथे संपवली तर टाळ्या मिळतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. लग्नामुंजीत मी ती इथेच संपवते. पण लिहायलाच बसले आहे तर पुढचंही लिहिते. बोअरचं पाणी त्यानंतर फक्त भांडी आणि गुरांसाठी राहिलं. स्वयंपाकाचं पाणी दादा सायकलवरून विहिरीवरून आणायचा, कालांतराने गावात नळ आला. वहिनीने ते घर चालवलं, मुलं वाढवली, वडिलांचं सगळं केलं, मला बाळंतपणाला घेऊन आली. भाकऱ्या, मासे, पुरणपोळ्या, तिच्या हाताची चव खारेपाटात नावाजली. फक्त एक गोष्ट तिने केली नाही. त्या घरात तिने पुन्हा कधी साधं वरण लावलं नाही. पुरणाची डाळ शिजवायची, आमटी करायची, पण वरणाचा कुकर आई लावायची, आणि आईच्याने होईना तेव्हा दादा लावू लागला. यावर कधी भांडण झालं नाही, शब्द झाला नाही. सिल्व्हर क्लोराईडचा साका अमोनियात विरघळतो, हे मी मुलांना दरवर्षी शिकवते. नुसतं पाणी कितीही ओता, तो आपला तळाशी बसून असतो.

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा मी महिनाभर रजा घेऊन गावी होते. तिचं खाणं जवळजवळ सुटलं होतं. एका दुपारी तिने डोळे उघडले आणि वहिनीला म्हणाली, "सुलभा, तुझ्या हातचं वरण खावंसं वाटतंय गो."

दादा दारात उभा होता, तो जमिनीकडे बघू लागला. वहिनीने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हसली, पटकन, नव्या नवरीसारखी.

"माझ्या हातची डाळ शिजत नाय ना, आई," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे बघितलं आणि काय नवल, तीही हसली. तोंडात दात नव्हते, तरी हसली. "व्हय," ती म्हणाली. "नायच शिजत."

दादाने कुकर लावला. वहिनीने बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या, आईला मांडीवर टेकवून बसवलं आणि ते पातळ, एकजीव वरण चमच्याचमच्याने, वाटी संपेपर्यंत, तिला भरवलं.